पायात चिलखत घालायचं की नाही?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या मध्ययुगीन चिलखतांवरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की नाइट लोकांना (म्हणजे चिलखत घालून लढणाऱ्या घोडेस्वार सरदारांना) घोड्यावर चढवायला क्रेन लागायची आणि एकदा पडला की उठताच यायचं नाही. हे साफ चुकीचं आहे, आणि शाळेतली मुलं हेच खरं धरून बसतात म्हणून लिहितोय. 15व्या शतकातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण 15 ते 25 किलोचं असायचं, आणि त्याचे तुकडे पट्ट्यांनी वेगवेगळे बांधलेले असल्यामुळे वजन अंगभर वाटलं जायचं. फ्रान्सचा मार्शल म्हणजे सेनापती बुसिको तर शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चढवून कोलांटी मारायचा असं त्याच्या चरित्रात लिहिलंय.

खरा त्रास दमछाकीचा होता. 2011 साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं, तेव्हा एनर्जी जवळपास दुप्पट लागली, कारण पायावरचं लोखंड प्रत्येक पावलाला उचलावं लागतं आणि छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. 1415 ला इंग्रज-फ्रेंचांच्या अझिनकोर्टच्या लढाईत नांगरलेल्या चिखलातून फ्रेंच सरदार पायी चालून गेले ते इंग्रजांपर्यंत पोचेपोचेस्तोवर दमलेले होते, बुसिको तिथेच पकडला गेला.

मग पाय मोकळे ठेवावेत का? तर 1361 मधलं स्वीडनच्या गोटलंड बेटावरचं व्हिस्बी बघा. डॅनिश राजाच्या फौजेसमोर तिथले शेतकरी जुनी चिलखतं घालून उभे राहिले आणि मारले गेले, त्यांच्या सामूहिक कबरी उकरल्यावर पायाच्या हाडांवर घावच घाव दिसले. म्हणजे पाय झाकले तर दम जातो आणि उघडे ठेवले तर पायच जातो, असं ते त्रांगडं होतं, आणि लेखात यावर एक ओळसुद्धा नाही!

कड्यांच्या चिलखताला लेखकाने 'मागासलेलं' म्हटलंय तेही पटलं नाही. त्याचा भार खांद्यावर येतो आणि गदेचा मार आतल्या हाडाला बसतो हे खरं, पण तुटलेली कडी बदलता येते, मापाची फारशी कटकट नाही, आणि ते कपड्याखाली लपवता येतं. अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, इटलीतल्या मिलानचं पत्र्याचं चिलखत तसं लपलं असतं का? खाली गोधडीसारखा थर थर शिवलेला अंगरखा असला की बाणही अडायचे. 1191 मध्ये पॅलेस्टाईनमधल्या अर्सूफच्या वाटेवर पाठीत दहा दहा बाण रुतलेले क्रुसेडर (युरोपातून धर्मयुद्धाला आलेले ख्रिस्ती) शिपाई नेहमीच्या चालीने चालत होते असं त्यांच्याशी लढणाऱ्या सुलतान सलादीनच्याच माणसाने, बहाउद्दीनने लिहून ठेवलंय.

तेव्हा लेखातला चिलखतांना एक ते पाच स्टार देणारा तक्ता कृपया मागे घ्या. पुढच्या भागात दुरुस्ती छापा आणि घालणारा पायी होता की घोड्यावर, ऊन होतं की चिखल, हेही द्या. फोटो हवा असेल तर स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयातले व्हिस्बीचे सांगाडे टाका.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा