सिंगापूरला गेलेल्या नौदल अधिकाऱ्यास, नागपूरहून

लेफ्टनंट साहेब,
स. न. वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे, पण अहो-जाहो केल्याशिवाय लिहवत नाही. अंबाझरी आणि फुटाळा या दोन तलावांएवढंच पाणी ठाऊक असलेल्या आमच्या घरावर नौदलाचे उपकार व्हावेत, हे नवलच!

1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, त्या लढाईत आईचे वडील गेले. आई तेव्हा पाळण्यात होती. ज्यांची कुठे कबर नाही, समाधी नाही, अशा 24,000 हून जास्त जणांची नावं सिंगापुरातल्या क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या खांबांवर कोरली आहेत, त्यांत आजोबांचं आहे. ते दिसावं म्हणून आम्ही कुणाकुणाकडे गेलो! एका कार्यालयाने अर्ज दुसरीकडे ढकलला, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. एका पुढाऱ्याने आईला शाल घातली, फोटो काढला आणि विषय संपला. सिंगापूरची सहल नेणारा तर म्हणाला, "ते स्मारक-बिमारक पॅकेजमध्ये येत नाही ताई."

तुम्ही नौदलातर्फे त्या स्मारकावर गेलात, तेव्हा बिगुल, पुष्पचक्र, सलामी हे रीतसर झालं असेलच. पण मंडळी गाड्यांकडे निघाल्यावर तुम्ही मागे राहिलात आणि खांब शोधून व्हिडिओ कॉल लावलात. नुसता फोटो पाठवला असता तरी आम्ही हात जोडले असते. तुम्ही विचारलंत, "आजी, बाबांना काही सांगायचंय का?"

हे तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "सांगा, पोरगी म्हातारी झाली म्हणा. लेकरं-नातवंडं सारे बरे हायेत."

तुम्ही खांबाकडे वळलात, ताठ उभे राहिलात आणि मोठ्याने तेच सांगितलंत. रत्नागिरीचे असून 'हायेत' तसंच ठेवलंत! शेजारच्या सिंगापुरी अधिकाऱ्याला मराठी काय कळणार, पण तोही टाचा जुळवून उभा राहिला, ड्रायव्हरला हातानेच थांबवलं. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा. हुद्दा परीक्षा देऊन मिळतो. गडबडीत एका म्हातारीचं बोलणं पुरतं ऐकून घेणं हे घरून यावं लागतं. तुमच्या आईवडिलांना पाहायची फार इच्छा आहे.

नागपूरला आलात तर हॉटेलात उतरायचं नाही. आई स्वतः वडाभात करणार म्हणते, वर हिंगाचं तेल भरपूर. नौदलाचे डॉक्टर काय म्हणतील ते तुम्ही बघा.

तुमची,
महाल भागातली एक ताई