बंदिस्त वॉर्डातल्या विद्यार्थ्याचा शिक्षक कोण?

महोदय,

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांना शिक्षा भोगत असतानाही यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे शिक्षण घेता येते, आणि ते योग्यच आहे. मात्र याच शहरातली दहावीतली एखादी मुलगी तीव्र मानसिक आजारामुळे मनोरुग्णालयाच्या बंदिस्त वॉर्डात दाखल झाली, तर तिच्या अभ्यासाचे कोणी पाहायचे हे कोणत्याच खात्याला आपले काम वाटत नाही. तिने गुन्हा केलेला नसतो. तिच्या जिवाला धोका आहे म्हणून दाराला कुलूप असते.

कायद्याने हा प्रश्न अर्धाच सोडवला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २० नुसार मानसिक आरोग्य संस्थेतील रुग्णाला विरंगुळा, करमणूक आणि शिक्षण यांच्या वाजवी सुविधा मिळायला हव्यात. कलम ८७ अल्पवयीन रुग्णांपुरते आहे: त्यांना प्रौढांपासून वेगळे ठेवावे, पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहावे, दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी आणि मुक्काम ३० दिवसांपलीकडे गेल्यास मंडळाने त्याचा आढावा घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. मात्र शिक्षक कोण पाठवणार आणि हजेरी कोणत्या पटावर लागणार, याबद्दल या कलमांत काहीच नाही. नाशिकच्या मुलांची अडचण आणखी वाढते, कारण राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. तिथे दाखल व्हावे लागले, तर मुलाची शाळा एका जिल्ह्यात आणि वॉर्ड दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती होते.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम १९ ने आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे, आणि १५ किंवा अधिक दिवस शाळा बुडणार हे स्पष्ट होताच व्यवस्था करावी, असे तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. किशोरवयीनांच्या मानसोपचार विभागांत, अगदी बंदिस्त विभागांतही, शिक्षक आणि वर्ग असतात. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही हे मान्य. पण जबाबदार कोण हे शासन निर्णयात लिहायला पैसा लागत नाही.

‘आधी बरे होऊ दे, अभ्यासाचे नंतर पाहू’ असे अनेक पालक म्हणतात. आजार भरात असतानाच्या पहिल्या दिवसांत ते बरोबरच आहे. तेव्हा शिक्षकाने डॉक्टरांच्या होकाराची वाट पाहावी. मात्र त्यानंतरचे रिकामे आठवडे मुलांना खायला उठतात. ठरलेल्या वेळी कोणीतरी पुस्तक घेऊन येणे, कालचे उदाहरण आज पुढे नेणे, आपण अजून विद्यार्थी आहोत याची खूण पटणे, यांचा बरे होण्याशी संबंध आहे. अर्थात हे शिकवणे वेगळे असावे लागते. काही औषधांनी सकाळी गुंगी असते, म्हणून तास उशिरा ठेवावा लागतो. एकाग्रता टिकत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करावे लागतात. कंपासपेटीतले कर्कटक, शार्पनरचे पाते, वहीची तारेची स्प्रिंग अशा वस्तू मोजून द्याव्या आणि मोजून परत घ्याव्या लागतात, काही तर देताच येत नाहीत, आणि भूमिती कर्कटकाशिवाय कशी शिकवायची याचा विचार शिक्षकाला आदल्या रात्री करून ठेवावा लागतो. कॉलेज रोडवरच्या क्लासची घाई मात्र वॉर्डात आणू नये. काही मुलांच्या बाबतीत त्या घाईचाही आजाराला हातभार लागलेला असतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी असे मला वाटत नाही. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक आहेत आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या दिव्यांग मुलांना घरी जाऊन शिकवण्याची पद्धतही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत मानसिक आजाराचा समावेश आहे. तेव्हा जो शिक्षक घरी जाऊ शकतो, तो वॉर्डातही जाऊ शकेल. त्याला रुग्णालयात चार दिवसांचे प्रशिक्षण आणि लेखी परवानगी मिळाली पाहिजे, इतकेच.

दुसरी गोष्ट दाखल्याची. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली आहे. नववी-दहावीला ते संरक्षण नाही. मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले आहे, आणि ‘मुलाला बरे वाटेपर्यंत दाखला घेऊन ठेवा’ हा वरवर सौम्य वाटणारा सल्ला पालकांना कसा दिला जातो, हे मला ठाऊक आहे. एकदा दाखला हातात आला की परत पाऊल टाकणे फार कठीण होते. उपचारांच्या काळात मुलाचे नाव मूळ शाळेच्या पटावर कायम ठेवावे आणि उपस्थितीच्या अटीत वैद्यकीय कारणाने सूट द्यावी, असे स्पष्ट परिपत्रक शिक्षण विभागाने काढावे. रुग्णालयाने शाळेला मुलाचा आजार कळवण्याची गरज नाही. तो उपचारांखाली आहे आणि अमुक तारखेपासून शिकू शकतो, एवढे पत्र पुरेसे आहे.

पुनर्विलोकन मंडळाने ३० दिवसांनंतरच्या आढाव्यात एक प्रश्न आवर्जून विचारावा, अशी माझी विनंती आहे: या मुलाला गेल्या महिन्यात कोणी शिकवले, आणि शिकवले नसल्यास का नाही? त्याचे उत्तर रुग्णालय आणि शिक्षणाधिकारी या दोघांच्याही सहीने नोंदले जावे.

– एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक