भट्टी थंड ठेवून जपू नका: चीनच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

मा. संस्कृती व पर्यटन मंत्री, चीन,
स. न. वि. वि.

आमच्याकडे लोणचं मुरतं ते चिनी मातीच्या बरणीत. बरणी इथल्याच कारखान्यातली, पण नाव तुमच्या देशाचं. जुन्या गोव्याच्या उत्खननात तर तुमच्याकडच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे खापरतुकडेच निघाले आहेत. तेवढ्या ओळखीवर लिहिते आहे.

जागतिक वारशासाठी तुम्ही चिनी मातीच्या भांड्यांचं गाव जिंगदेझेनचं नाव पुढे केलंत, आनंद झाला. १००४ साली सोंग सम्राटाच्या काळात त्या गावाला हे नाव मिळालं. जवळच्याच गाओलिंग या ठिकाणावरून 'केओलिन', म्हणजे या भांड्यांची पांढरी माती, हा शब्द जगभर गेला. त्यामुळे मान मिळावा की नाही, हा प्रश्नच नाही. माझी काळजी भट्टीची आहे.

तिथली 'झेन' भट्टी म्हणजे आडवं ठेवलेलं अर्धं अंडं. पाइनच्या लाकडावर ती १३०० अंशांच्या आसपास तापते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून कुठल्या झिलईचं भांडं कुठे रचायचं, हे आधीच ठरवावं लागतं. आच बघायला मुख्य भट्टीवाला आत थुंकायचा! आमची आजी घावन घालण्याआधी तव्यावर पाण्याचा शिपका मारायची, तेच हे शास्त्र.

आच खाऊन विटा खचल्या की भट्टी उतरवून पुन्हा रचायची. तिची कमान गवंडी खाली लाकडी आधार न देता, नुसत्या हाताच्या अंदाजाने वळवत नेतो. उतरलेल्या विटा गल्लीतल्या घरांच्या भिंतींत जात. निम्मं गाव भट्टीच्या उष्ट्यावर उभं राहिलं म्हणा ना.

आता बघा, जी भट्टी पेटतच नाही तिच्या विटा खचत नाहीत. मग ती उतरवायची वेळ येत नाही आणि गवंड्याला कामही उरत नाही. वास्तू शाबूत, विद्या गेली. तिथल्या जुन्या कारखान्याचं ताओशीच्वान नावाचं कलाकेंद्र झालं, तरुणांना भांडी विकायला जागा मिळाली, छानच झालं. पण ती भांडी बहुतेक गॅसवर किंवा विजेवर भाजलेली. रोजच्या कामाला तेच बरं. शहरभर पुन्हा धूर करा, असं कोण म्हणेल? पण डागडुजी केलेली प्रत्येक भट्टी ठरलेल्या तिथीला, वर्षातून एकदा तरी पेटवा. २००९ मध्ये झेन भट्टी पुन्हा पेटली होतीच की.

आणि पुढच्या वेळी एखादी भट्टी उतरवाल, तेव्हा म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली विशीतली दोन पोरं द्या. शिकाऊ म्हणून फुकट नको, महिन्याच्या पगारावर.

आपली,
पुण्यातली एक कुंभारकाम करणारी