दिग्या, फेरेरोची बातमी वाचलीस ना?

सांगली,
4 जानेवारी 2026

प्रिय दिग्या,

नऊ महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझं पित्ताशय काढलं तेव्हा साधा फोनसुद्धा केला नाही, ते रात्री झोपताना आठवतं. रागावला असशील तर रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. माझं बरं चाललंय. साखर आटोक्यात आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. झालं.

डिसेंबरच्या 17 तारखेला संध्याकाळी मी टेनिस कोर्टावर पाणी मारत होतो, तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली. अल्कराझ आणि त्याचा कोच, आपला फेरेरो, वेगळे झाले. वाचत उभा राहिलो आणि पाइप हातात तसाच वाहत राहिला. मारुतीअण्णा ओरडले तेव्हा बेसलाइनच्या मागे गुडघाभर चिखल. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, "मग दुसरा कोच घेईल की तो." तिचं काही चुकलं नाही. पण ताईंच्या खानावळीत माझ्या शेजारी बसून ज्यानं फेरेरोची 2003ची पॅरिसची फ्रेंच ओपन फायनल पाहिली, त्यालाच सांगावं असं हे आहे.

8 जून, रविवार. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, तरी ताईंनी आपल्यासाठी शटर अर्धं वर ठेवलं होतं. तू त्या उंचच उंच डच व्हेर्केर्कवर आठवडाभराची मिसळ लावली होतीस. त्यानं मोया आणि कोरिया, दोन्ही तगड्या खेळाडूंना काढलं होतं. "अव्या, ह्याची सर्व्हिस तुझ्या मच्छराला दिसणारसुद्धा नाही!" स्पेनमध्येही फेरेरोला मच्छरच म्हणतात हे तुला आधी मीच सांगितलं होतं आणि तू ते माझ्यावरच उलटवलंस. 6-1, 6-3, 6-2. फेरेरो लाल मातीत गुडघ्यांवर बसला आणि मी रडलो. तू हसला नाहीस. दिग्या, ते मी विसरलेलो नाही.

कारण आदलं वर्ष तुलाही माहीत होतं. 2000 आणि 2001, दोन्ही वर्षी पॅरिसला सेमीफायनलमध्ये कुएर्तननं त्याला अडवलं. 2002ला अगासीला हरवलं, साफिनला हरवलं आणि फायनलमध्ये कोस्टानं पहिले दोन सेट 6-1, 6-0 घेतले. त्या रात्री मी जेवलो नव्हतो. ओंतिन्येंतसारख्या लहान गावातलं पोर, आईला कॅन्सरनं नेलं तेव्हा अजून व्यावसायिक खेळाडूही झालं नव्हतं. विलेनाच्या अकादमीत कास्कालेसच्या हाताखाली वाढलं. त्याच्या अंगावर ताकद अशी नव्हतीच. होते ते पाय, आणि कोर्टाच्या डाव्या कोपऱ्यातून मारलेला तो फोरहँड. माती चेंडूचा वेग खाते, टप्पा उंच देते, त्यामुळे एका फटक्यात पॉइंट हाती लागत नाही, तो रचावा लागतो. फेरेरो रचायचा. मी तेव्हाही म्हणायचो, माती कष्टाला न्याय देते. तू म्हणायचास, "चेंडू ढकलत बसण्याला टेनिस म्हणत नाहीत."

त्यावर मी यादी वाचून दाखवायचो, आठवतं? 2002ला शांघायला मास्टर्स कपच्या फायनलमध्ये ह्युइटशी पाच सेट. 2003ला अमेरिकन ओपनची फायनल, तीही अगासीला हरवून. रॉडिकपुढे हरला, पण सोमवारी जगात पहिल्या नंबरावर. ऑक्टोबरमध्ये माद्रिदला हॉलमधल्या हार्ड कोर्टवर विजेता. हा नुसता मातीचा खेळाडू नाही, दिग्या, नीट बघ! घसा बसेपर्यंत भांडायचो मी. ही यादी लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. सोहम गेला.

दिवाळीनंतर गेला. सात वर्षं माझ्याकडे होता. अकराचा असताना आला तेव्हा रॅकेट त्याच्या कमरेपर्यंत यायची. 2019च्या पुरानंतर तू आला होतास तेव्हा त्याला पाहिलंयस. कोर्टावर कृष्णेचा गाळ साचला होता आणि ते पोर शाळा बंद म्हणून रोज सकाळी घमेलं घेऊन यायचं. गाळ उपसला, मग मुरूम पसरला, रोलर ओढायलासुद्धा मारुतीअण्णांच्या जोडीला तोच. त्यानंतर मी त्याला फाटकाची किल्ली दिली. पहाटे साडेपाचला तोच कुलूप काढायचा. मी पोचायच्या आत पाणी मारून, रेघा झाडून तयार.

गेला तो न सांगता गेला. त्याच्या वडिलांचा मोबाइलवर मेसेज आला. भाषा फार नम्र होती. सर, तुमचे उपकार विसरणार नाही, पण आता त्याला वरच्या पातळीची तयारी हवी, पुण्याला अकादमीत घातलंय. आणि शेवटी एक ओळ: त्याचा खेळ मातीचा आहे, हार्ड कोर्टवर उपयोगाचा नाही असं तिथल्या सरांचं मत पडलं. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाच्या हाती पाकीट आलं. आत किल्ली. चिठ्ठी नाही.

पहिले पंधरा दिवस मला नुसता राग होता. पोराचा, वडिलांचा, त्या सरांचा, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. मग डिसेंबरात ती बातमी आली आणि राग राहिला बाजूला, मी विचारात पडलो. ती शेवटची ओळ खरी आहे, दिग्या. सोहम बेसलाइनच्या दोन पावलं मागे उभा राहतो. फोरहँडला हात लांब मागे नेतो, कारण मातीवर तेवढा वेळ मिळतो. हार्ड कोर्टवर चेंडू सपकन खाली घसरत येतो आणि ह्याची रॅकेट अजून मागेच असते. सर्व्हिस म्हणजे रॅली सुरू करायची, एवढंच मी त्याच्या मनावर बिंबवलं. नेटकडे जायला तो कचरतो. आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक स्पर्धा हार्ड कोर्टवर. हे सगळं मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्या घसरत जाणाऱ्या पावलांत, त्या डाव्या कोपऱ्यातल्या फोरहँडमध्ये मला दुसरंच कुणी दिसायचं आणि माझा जीव सुखावायचा. तू एकदा म्हणाला होतास, "अव्या, तू पोरांना टेनिस शिकवत नाहीस, फेरेरो शिकवतोस." मी ते कौतुक समजलो होतो.

आणि खुद्द फेरेरोनं काय केलं बघ. अल्कराझ 15 वर्षांचा असताना 2018 साली त्याच्याकडे आला. मुर्सियाजवळच्या एल पाल्मारचा मुलगा, लहानपणापासून मातीवर वाढलेला. त्याला आपल्यासारखं करायचा मोह फेरेरोला झाला नसेल? पण त्यानं पोराच्या अंगात जे होतं ते वाढू दिलं. ते ड्रॉप शॉट, ते नेटवर धावून येणं, भलत्या वेळी भलता फटका मारायचं धाडस. पोरानं पहिलं ग्रँड स्लॅम घेतलं ते न्यूयॉर्कला, हार्ड कोर्टवर, 2022 साली, आणि 19व्या वर्षी जगात पहिला झाला. दुसरं विम्बल्डनला, गवतावर. पॅरिसची माती तिसऱ्या नंबरावर आली, 2024ला. फेरेरोच्या हाताखाली सगळी मिळून सहा. ज्या माणसाचं स्वतःचं एकमेव ग्रँड स्लॅम पॅरिसचं, त्यानं शिष्याला मातीत बांधून ठेवलं नाही. मी सांगलीत बसून फेरेरोची भक्ती केली, आणि त्यानं जे केलं नाही नेमकं तेच मी केलं. ही गोष्ट मी इथे कुणाला सांगू? मारुतीअण्णांना? क्लबातल्या लोकांना वाटतं मी पोर गेल्याच्या दुःखात आहे. तेही आहेच.

आणखी एक कबुली. सेव्हिया, डिसेंबर 2004. डेव्हिस कपची फायनल, ऑलिंपिक स्टेडियममध्ये खास माती अंथरलेली, अमेरिका समोर. फेरेरोला एकेरीतून बाजूला ठेवून 18 वर्षांच्या नदालला रॉडिकसमोर उभं केलं. चार वर्षांपूर्वी बार्सिलोनाला ह्युइटला हरवून स्पेनला पहिला डेव्हिस कप फेरेरोनंच मिळवून दिला होता, आणि आता त्याच्या वाट्याला फक्त दुहेरी. त्या वर्षी कांजिण्या, मनगट, बरगड्या, एकामागून एक सगळं झालं होतं हे खरं. पण मी तुला म्हणालो, हा कृतघ्नपणा आहे. तू म्हणालास, "आज कोण जास्त चांगलं खेळतोय एवढंच बघायचं असतं." मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही, डबा वेगळा खाल्ला. नदाल चार सेटमध्ये जिंकला. तुझं बरोबर होतं. एकवीस वर्षांनी सांगतोय, चालवून घे.

त्यानंतरचा फेरेरो तू पाहिला नाहीस, तुला तेव्हा फेडररशिवाय काही दिसत नव्हतं. माद्रिदनंतर साडेपाच वर्षं एकही विजेतेपद नाही. रँकिंग शंभराच्या पलीकडे. 2009च्या एप्रिलमध्ये कॅसाब्लांकाला, मातीवरच, पुन्हा जिंकला. त्याच उन्हाळ्यात वाइल्ड कार्डवर विम्बल्डनला आणि थेट क्वार्टरफायनल. शेवटचं विजेतेपद श्टुटगार्टला 2011ला, ते सोळावं. 2012च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅलेन्सियाला, आपल्या माणसांसमोर, पहिल्याच फेरीत अल्माग्रोकडून हरून थांबला. पहिल्या नंबरावर मोजून आठ आठवडे बसलेला माणूस, आणि खाली घसरल्यावर नऊ वर्षं खेळत राहिला. ह्या नऊ वर्षांसाठी मला तो जास्त आवडतो. हे मी सोहमला कितीतरी वेळा सांगितलंय.

मला सारखी आठवते ती 2022ची मायामीची फायनल. त्या मार्चमध्ये फेरेरोचे वडील वारले म्हणून तो स्पर्धेला गेलाच नव्हता. फायनलच्या वेळी न कळवता तिथे हजर झाला. पोरानं रूडला हरवून मास्टर्स दर्जाचं पहिलं विजेतेपद घेतलं आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलं. घरात सुतक असताना इतक्या लांब जाणं, दिग्या. सोहम आणि मी ती मॅच सोमवारी सकाळी क्लबाच्या व्हरांड्यात माझ्या मोबाइलवर पाहिली. तो तेव्हा पंधराचा. म्हणाला, "सर, तुम्ही असे याल माझ्या मॅचला?" मी म्हणालो, येईन की.

आता वेगळं होताना फेरेरोनं लिहिलं की त्याला पुढेही राहायला आवडलं असतं, आणि चांगल्या माणसांच्या वाटा पुन्हा कुठेतरी मिळतात. त्यांच्यात काय बिनसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यानं दुखणं लपवलं नाही आणि पोराला टोचलंही नाही, एवढं मला दिसलं. मी मात्र सोहमच्या वडिलांच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. दोन महिने.

तुझं विचारायचं राहूनच गेलं. ऋताची दहावी ना यंदा? तिला म्हणावं काका मार्कं विचारणार नाही. वहिनींची बदली रद्द झाली का? आईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? तुझ्या पोटाला तेल-तिखट चालतं का आता, तेही कळव.

सोहमची मॅच पुण्यात शनिवारी 17 तारखेला आहे, हार्ड कोर्टवर. शुक्रवारी रात्री तुझ्याकडे मुक्कामाला येतो. शनिवारी तू बरोबर चल. मला एकट्यानं जाववणार नाही. सामना चालू असताना मी समोर जाणार नाही, मागे कुठेतरी उभे राहू. तो बेसलाइनच्या किती मागे उभा राहतो ते मला बघायचंय. नव्या सरांनी त्याला दोन पावलं पुढे आणलं असेल तर मला बरंच वाटेल, आणि तसं मी त्याला सांगणार आहे, ते सर तिथे असले तर त्यांनाही. फाटकाची किल्ली खिशात घालून आणतो. द्यायची का, ते त्याचा चेहरा बघून ठरवेन.

वडिलांच्या मेसेजला उत्तर हे पत्र पेटीत टाकून आल्यावर लिहितो.

तुझा,
अव्या

ता.क. व्हेर्केर्कवरच्या पैजेची मिसळ तू पाच दिवस दिलीस, सात नाही. दोन बाकी आहेत. शनिवारी मॅचच्या आधी एक, नंतर एक. तुला सोसणार नसेल तर तू नुसता पाव खा.