ब्लीच सरबताच्या बाटलीत? ती टीप मागे घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतलं 'टाकाऊतून टिकाऊ' वाचलं आणि ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. गरब्याच्या दिवसांत घरात स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटल्या साठतात, त्या फेकू नका, तोंड मोठं असतं, पकड चांगली असते, त्यात ब्लीच नाहीतर फिनाईल भरून ठेवा, असं तुम्ही छापलंय. छापण्याआधी हे कोणी तपासलं का? पेपरात आलंय म्हणजे बरोबरच असणार असं मानणारी माणसं आमच्या दांडिया बाजारात अजून पुष्कळ आहेत हो.

गेल्या मे महिन्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये काय झालं ते सांगते. शेजारचा सातवीतला मुलगा भर दुपारी क्रिकेट खेळून आला, घामाने निथळत होता, माठाशेजारी ऑरेंज ड्रिंकची बाटली दिसली, झाकण काढलं आणि सरळ तोंडाला लावली. त्यात ब्लीच होतं, दर आठवड्याला हातगाडी घेऊन येणाऱ्या लारीवाल्याकडून सुटं घेतलेलं, तो मोठ्या कॅनमधून जी बाटली पुढे कराल तीत ओतून देतो. वास नाही का आला, असं नंतर सगळे त्या पोराला विचारत होते, पण तहानलेलं मूल आधी घोट घेतं, वास मागून येतो. आणि बाटली दिसायला अगदी स्वच्छ होती, कारण तळाशी ड्रिंकचे चार थेंब राहिले असतील तरी त्यांचा रंग ब्लीचने केव्हाच खाल्ला असणार. वर फिकट पिवळसर पाणी, बाहेर संत्र्याचं चित्र. कोणाला शंका येईल?

त्याची आजी मिठाचं पाणी घेऊन धावली, उलटी काढायला. मी तिचा हातच धरला, कारण जे जाताना घसा भाजतं ते वर येताना पुन्हा भाजतं, उलटी अजिबात काढायची नसते. चूळ भरायला लावली, घोट घोट साधं पाणी दिलं आणि रिक्षात घालून नेलं. तिथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न, काय प्यायलाय आणि किती स्ट्राँग होतं? आम्ही बाटली पुढे केली तर तिच्यावर लिहिलेलं साखर, मीठ, व्हिटॅमिन! घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असतं, पण लारीवरच्या मालात किती हे त्या लारीवाल्याला तरी ठाऊक असेल का? मूळ डब्यावर नाव असतं, प्रमाण असतं, काय करावं ते असतं. तुम्ही सांगताय तसं बाटलीत ओतलं की ते सगळं गेलं. पोरगं एका रात्रीच्या देखरेखीवर सुटलं, ओठाला आतून फोड आले होते, पण त्याच्या आईचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

शिवाय ब्लीचचा डबा पांढरा, अपारदर्शक असतो तो शोभेसाठी नाही. उजेडाने आणि उष्णतेने ब्लीच मोडतं, मागे मीठ राहतं आणि ऑक्सिजन सुटतो. पारदर्शक बाटली बडोद्याच्या उन्हात गॅलरीत ठेवली तर काही दिवसांनी कपडेही पांढरे होणार नाहीत, आणि घट्ट झाकणाखाली गॅस साठून बाटली फुगेल ते वेगळंच.

त्याच लेखात खाली, डाग जाईनात तर ब्लीचमध्ये थोडं व्हिनेगर घाला, असंही आहे. अहो, ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो, पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. व्हिनेगर, लिंबू, संडास धुवायचं ॲसिड, काहीच चालत नाही. दार लावून बाथरूम घासणाऱ्या बाईने तुमचं वाचून हे केलं तर?

आणि आता लिहायलाच बसलेय तर शेजारची चौकटसुद्धा. मुलांना जुलाब झाले तर स्पोर्ट्स ड्रिंक द्या म्हणे! ते १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी फुटबॉल खेळाडूंसाठी बनवलं, घामासाठी, जुलाबासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर ६० ग्रॅमच्या घरात, आणि सोडियम ओआरएसच्या मानाने कितीतरी कमी. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे हजारो रोगी वाचवले, ती गोष्ट आपल्याच देशातली. २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या गोड पेयांच्या नावात ओआरएस लिहायलाच बंदी घातली, तीही बातमी असताना तुमच्या पुरवणीत हे कसं येतं?

तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, बंद करायचा विचार नाही. पण दुरुस्ती छापा, आतल्या पानावर बारीक अक्षरात नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने, आणि नवरात्र सुरू व्हायच्या आत. सोबत दिल्लीच्या एम्समध्ये चोवीस तास चालणाऱ्या विषबाधा माहिती केंद्राचा फोन नंबरही द्या, म्हणजे लोक कापून फ्रिजवर लावतील.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा