कडेविना गतिरोधक दिसणार कसा?

महोदय,

रंकाळ्याच्या बाजूने तिन्हीसांजेला दुचाकीवरून जाताना पट्टे पुसलेला गतिरोधक चाक आदळल्यावरच कळतो आणि मग ‘चालकाचे लक्ष नव्हते’ असे म्हणून विषय झटकला जातो, हे योग्य नाही.

डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले, की दोन भागांमधली कड मेंदू एका वेळी एकाच बाजूला बहाल करतो. ती बाजू आकार म्हणून पुढे येते, तर दुसरी तिच्यामागे सलग पसरल्यासारखी भासते. त्यांच्या प्रसिद्ध चित्रात म्हणूनच कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोरचे दोन चेहरे. दोन्ही एकदम मात्र नाहीत. ही कड उजेड, रंग किंवा पोत यांतील फरकातून उमटते. काळ्या डांबरावर काळ्याच डांबराचा उंचवटा असेल, तर कितीही सावध चालकाला तो सुटा दिसणार नाही.

चौकांतील दिशादर्शक फलकांची तऱ्हा नेमकी उलटी : तेथे फ्लेक्सच्या गर्दीत कडाच इतक्या, की हवा तो फलक पार्श्वभूमीत जमा होतो.

संबंधित यंत्रणेने पावसाळा सरताच गतिरोधकांवर परावर्तक रंगाचे पट्टे मारावेत आणि फलकांभोवतीची जागा मोकळी ठेवावी, ही विनंती. वाढदिवसाच्या शुभेच्छांना शहरात इतरत्र भिंती पुष्कळ आहेत.

– एक वाचक, कोल्हापूर