सँ-दनीची अपुरी ओळख

रविवार पुरवणीत पॅरिसच्या उपनगरांवरील लेख वाचला. उत्तरेकडच्या सँ-दनीचा त्यातील उल्लेख केवळ दंगली आणि गुन्हेगारीपुरता आहे, तो पटला नाही. तिथे गरिबी आहे, बेकारी आहे, हे खरेच. पण ज्या गावच्या चर्चमध्ये फ्रान्सच्या चाळीसहून अधिक राजांना मूठमाती मिळाली, त्याची एवढीच ओळख करून देणे अन्यायाचे आहे. मठाधिपती स्यूजे यांनी बांधवून घेतलेला आणि 1144 मध्ये अर्पण झालेला या चर्चचा गाभारा गॉथिक वास्तुशैलीचा आरंभ मानला जातो. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी राजांच्या अस्थी उकरून खड्ड्यांत टाकल्या. 1817 मध्ये त्या पुन्हा चर्चच्या तळघरात आणल्या गेल्या.

मुलीकडे गेलो असताना मी त्या चर्चसमोर बराच वेळ उभा होतो. उजवीकडे एकच मनोरा, डावीकडे मोकळे आकाश. वादळाने खिळखिळा झालेला तो डावा मनोरा 1846 पासून उतरवण्यात आला होता. आता त्याच्या पुनर्बांधणीचे काम सुरू झाले आहे. दोन पावलांवर बाजार भरला होता. पुदिन्याच्या ओल्या जुड्या, भेंडी, कच्ची केळी, आणि भाव करणाऱ्या बायकांच्या निदान चार भाषा कानांवर येत होत्या.

1 जानेवारी 2025 रोजी शेजारचे पिएरफित गाव सँ-दनीत विलीन झाले आणि सुमारे दीड लाख वस्तीचे हे शहर पॅरिसखालोखाल त्या प्रदेशात सर्वांत मोठे ठरले. लेखात याची एक ओळही नाही.

– एक वाचक, ठाणे